मसाल्याची गाडी लागत नाही

दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडायच्या दिवशी श्रीरंग केंजळे खिशात एक लाल रबरी चेंडू घालून कामावर जात. वय सत्तावन्न, हुद्दा वाहन सुरक्षा अधिकारी. चेंडू कशासाठी, हे कंपनीच्या चौदाही ड्रायव्हरांना ठाऊक होतं, त्यामुळे कोणी हसत नसे.

कंपनी कराडची, 'गोदाक्का मसाले'. चौदा छोट्या विजेच्या गाड्या, आणि प्रत्येक गाडीच्या दोन्ही अंगांना गोदाक्कांचा हसरा फोटो, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ही बाई जाहिरातवाल्यांनी कुठून शोधून आणलेली नव्हती. त्या मालकांच्या सख्ख्या आई. वय एक्क्याऐंशी, आणि अजून रोज कारखान्यात येऊन मिरची नाकाशी धरून पास-नापास करणाऱ्या.

तर चेंडू. शाळा उघडायच्या दिवशी सकाळी सगळे ड्रायव्हर शेडमध्ये खुर्च्यांवर बसत आणि केंजळे भाषण करत. दहा मिनिटं आधी निघा. उभ्या टेम्पोच्या खालून पाय दिसतात का ते बघा, मूल दिसायच्या आधी त्याचे बूट दिसतात. दोन महिने सुट्टीत उंडारलेलं पोर पहिल्या दिवशी रस्ता विसरलेलं असतं. असं सगळं बोलता बोलता, मधेच, एखाद्या वाक्याच्या पोटातून केंजळे तो चेंडू शेडमधून आडवा फेकत. चेंडू दिसला की प्रत्येकाने उजवा पाय जमिनीवर दाणकन आपटायचा. ब्रेक. ज्याचा पाय शेवटी आपटेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा.

"चेंडूमागं मूल असतं," केंजळे म्हणत. "मूल दिसायची वाट बघायची नाही."

नऊ नंबरच्या गाडीवरच्या सुलभा चोरगेने सात वर्षांत एकदाही चहा पाजला नव्हता. एकदा तर ती बिस्कीट खाता खाता, डोळे बिस्किटावर असताना पाय आपटून मोकळी झाली होती.

मग दोन वर्षांपूर्वी आत्या आली.

यंत्राचं खरं नाव लांबलचक होतं आणि ते फक्त बिलावर होतं. ते बाईच्या आवाजात बोलायचं, आणि बोलायचं ते सारखं काळजीचंच, म्हणून ड्रायव्हरांनी पहिल्याच दिवशी त्याला आत्या म्हणून टाकलं. गाडीच्या नाकावर, दोन दिव्यांच्या बरोबर मधोमध, एक गोल काच. तिच्यामागे आत्या. तिचं काम म्हणजे न दिसणारं मूल बघणं.

हे जादूटोण्यासारखं वाटतं, पण हिशोब सरळ होता. आत्या समोरच्या भिंतीवर, रस्त्यावर, उभ्या टेम्पोच्या पत्र्यावर प्रकाशाचे ठिपके मारायची, सेकंदाला लाखो. डोळ्यांना ते दिसत नसत. भिंतीवर पडलेला प्रकाश चहूकडे उडतो. त्यातला थोडा कोपऱ्यापलीकडे जातो, तिथं उभ्या असलेल्या पोराच्या दप्तराला लागतो, पुन्हा भिंतीवर येतो आणि भिंतीवरून आत्याच्या काचेत. परत येईपर्यंत तो इतका कमी झालेला असतो की आत्याला एकेक कण मोजून घ्यावा लागे. कुठला कण किती उशिरा परतला, एवढ्यावरून ती सांगायची: डावीकडे, शाळेसमोरच्या पाण्याच्या टाकीच्या भिंतीमागे, सव्वा मीटर उंच, खांदा पुढे झुकलेला, दोन सेकंदांत पळणार. "थांबा," ती म्हणायची. "मूल आहे." आणि ड्रायव्हरचा पाय हलायच्या आत गाडी स्वतःच थांबवायची.

दोन वर्षांत कंपनीच्या गाडीखाली मूल सोडाच, कोंबडीसुद्धा आली नाही.

फक्त इतर काही गोष्टी झाल्या. ड्रायव्हरांनी रस्त्याकडे बघणं हळूहळू कमी केलं. आत्या बघतेय तर आपण कशाला, दुकानांच्या ऑर्डरी बघू. सुलभासुद्धा, जी एके काळी खिडकीतून अर्धी बाहेर येऊन पोरांना शिव्या घालायची, ती आता मांडीवरच्या टॅबलेटच्या पाटीवर गरम मसाला दोन पेट्या, हळद एक, अशी बोटं फिरवत गाडी हाकायची. आणि दुसरं म्हणजे, पोरांना कळलं.

आदल्या संध्याकाळी केंजळ्यांची नात शर्वरी, इयत्ता चौथी, बुटांना पॉलिश करत बसली होती.

"आबा, उद्या पहिली मीच उठवणार."

"कुणाला?"

"आत्याला! टाकीच्या भिंतीमागं थांबायचं. गाडी आली की पळायचं. जिच्यासाठी गाडी सगळ्यात जवळ येऊन थांबेल ती जिंकली. मागच्या वर्षी मी एवढ्यावर थांबवली होती." तिने वीतभर अंतर दाखवलं. ब्रशचं पॉलिश तिच्या नाकाला लागलं होतं.

"रस्त्यात असले खेळ खेळू नये, शरू."

"मसाल्याची गाडी लागत नाही, आबा."

"कोण म्हणतं?"

"तुम्हीच! गॅदरिंगला पाहुणे म्हणून आला होता तेव्हा. माईकवरून."

केंजळ्यांनी तो समारंभ आठवला. टाळ्या चांगल्या पडल्या होत्या. ते वर्तमानपत्र उघडून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात वेगळाच थाट होता. बिनअपघाताची दोन वर्षं पुरी झाली म्हणून मालक जयवंतरावांनी आत्याचा सत्कार ठेवला होता. यंत्राला शाल पांघरता येत नाही, हे शाल आणल्यावर लक्षात आलं. मग ती एक नंबरच्या गाडीच्या आरशाला घातली. नारळ फोडला. मालक बोलले, मालकांचे मेहुणे बोलले, मिरची पुरवणारे एक गृहस्थ विनाकारण बोलले. पावणेदहा वाजले. चेंडूच्या भाषणाला वेळच उरला नाही.

केंजळे मागच्या मागे फिरत सह्या घेत होते. 'शाळा प्रारंभ सुरक्षा प्रशिक्षण मिळाले', खाली चौदा रेघा.

"भाषण झालं असं धरा," ते प्रत्येकाला सांगत होते.

"आत्या आहे की साहेब," सुलभा सही ठोकत म्हणाली. "तुमचा चेंडू आता म्युझियममध्ये ठेवा."

पुढे टाळ्या वाजल्या, कसलासा हशा झाला. केंजळ्यांचं लक्ष सह्यांत होतं. तेरा गाड्या निघाल्या. चौदावी चार्जिंगला राहिली.

सव्वादहाला मालकांनी केबिनमधून हाक मारली. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तेरा ठिपके सरकत होते आणि प्रत्येक ठिपक्यापुढे आकडा होता, आत्याने किती वेळा गाडी थांबवली त्याचा. गेल्या वर्षी शाळेच्या पहिल्या दिवशी या वेळेला तेरा गाड्यांचे मिळून दोनशे अकरा थांबे झाले होते. त्यावरून मालकांनी केंजळ्यांना बरंच ऐकवलंही होतं.

"बघा!" जयवंतराव खुर्चीत मागं रेलले. "शून्य! एकही थांबा नाही. आईच्या हातचा गुण बघा केंजळे. पोरं सुधारली."

केंजळ्यांनी पडद्याकडे बघितलं. शून्य. शून्य. शून्य. तेरा वेळा. सुरक्षेच्या नोकरीत माणूस आयुष्यभर ज्या आकड्याची वाट बघतो, तो आकडा समोर होता आणि केंजळ्यांनी तेराही शून्यं पुन्हा एकदा मोजली.

"मालक, आज कराडात एकही पोर रस्त्यावर नाही असं कसं होईल?"

"तुम्हाला चांगलं बघवत नाही, केंजळे. हा तुमचा स्वभाव आहे."

केंजळे धावतच खाली आवारात आले. चार्जिंगला लावलेल्या गाडीपाशी इक्बाल मुल्ला वायर गुंडाळत होता. आत्या बसवणारा, दुरुस्त करणारा, तिच्याशी भांडणारा असा कंपनीचा एकमेव माणूस. केंजळ्यांनी गाडीच्या नाकाकडे बघितलं.

दोन दिव्यांच्या मधोमध, गोल काचेवर, रुपयाएवढं कुंकू होतं. त्याखाली हळदीचं बोट. दोन अक्षता चिकटलेल्या.

"हे कुणी केलं?"

"अक्कांनी. सगळ्या गाड्यांना." इक्बाल कपाळ पुसत म्हणाला. "मी म्हणलं, अक्का, काच हाय ती. म्हणल्या, सवाष्ण बाई हाय, सगळ्या लेकरांची आत्या, तिला भर सत्काराला कोऱ्या कपाळानं धाडू का? आन् साधं न्हाई लावलं, आधी मेण लावलं, जुन्या बायकांवानी, म्हंजे दिवसभर पडू न्हाई."

केंजळ्यांनी नखाने खरवडून बघितलं. वरची पूड बोटाला आली, खालचं मेण घट्ट होतं.

"पण काच झाकली तर आत्या ओरडते ना? 'काच पुसा' म्हणून?"

इक्बालने वायर खाली ठेवली. त्याने केंजळ्यांकडे बघितलं, मग वायरीकडे.

"ती सूचना आपण बंद केलीय साहेब. मार्च महिन्यात. मिरचीची धूळ बसून बसून ती दर तासाला ओरडायची, गाड्या आवारातच अडकायच्या. तुमची सही हाय."

होती. केंजळ्यांना ती सही आठवली, त्या दिवशीचा चहासुद्धा आठवला. आणि आता त्यांना गणित स्वच्छ दिसलं. आत्या ठिपके मारतेय, मेणाच्या आड. परत काहीच येत नाही. काच घाण आहे असं म्हणायची तिला बंदी आहे. मग बिचारी एकच अर्थ काढणार: परत काही आलं नाही, म्हणजे पलीकडे कोणी नाही. रस्ता मोकळा आहे. चला.

तेरा आंधळ्या गाड्या. आत रस्त्याकडे न बघणारे ड्रायव्हर, बाहेर गाडीकडे न बघणारी पोरं.

त्यांनी सुलभाला फोन लावला. पलीकडून गोड, समजूतदार आवाज आला: "नमस्कार. आपले सहकारी गाडी चालवत आहेत. घाई नको. गाडी थांबल्यावर आपण बोलू." केंजळ्यांचाच आवाज होता. चालत्या गाडीला फोन लागता कामा नये, हा सातवा नियम त्यांनी स्वतः लिहिला होता आणि ध्वनिमुद्रणासाठी खास घसा साफ करून घेतला होता. बारा गाड्यांना बारा वेळा त्यांनी स्वतःलाच शांत राहायचा सल्ला दिलेला ऐकला. तेराव्यांदा ते स्वतःला एक शिवी देऊन मोकळे झाले.

"दुकानं!" इक्बाल एकदम म्हणाला. "साहेब, गाडी दुकानाशी थांबतीच. मी दुकानदारांना लावतो. म्हणतो, गाडी आली की सोडू नका, आधी काच पुसा."

"लाव. मालकांना सांगून लाव."

मालक जिन्यात उभे होते. "कुंकू पुसायचं? आई आत चहा घेतायत, केंजळे. काय सांगू मी त्यांना?"

"सांगा की तुमच्या फोटोखाली पोर आलं तर काय दिसेल."

मालक बाजूला झाले.

इक्बालने दहा मिनिटांत बारा दुकानं गाठली. दुकानदारांनी गाड्या अडवल्या, कुणी रॉकेलच्या बोळ्याने, कुणी धोतराच्या सोग्याने आत्याचं कपाळ पुसलं. राहिली नऊ नंबर. सुलभाचं पहिलं दुकान पेठेतल्या शाळेच्या पलीकडे होतं. पुलाच्या कामामुळे ती गावाला वळसा घालून येत होती, मधे कुठंच थांबा नव्हता. पडद्यावरचा ठिपका बघून इक्बाल म्हणाला, "दहा चाळीसला टाकीच्या बोळात शिरंल."

शाळेची घंटा दहा पंचेचाळीसला.

टाकी. भिंत. काळं पॉलिश लागलेलं नाक.

केंजळ्यांची स्कूटर जुनी होती, पेट्रोलची, आवाजाची. त्या दिवशी तिने आवाज भरपूर केला, वेग दिला नाही. पेठेच्या तोंडाशी तीसुद्धा अडली, कारण पहिल्या दिवशी प्रत्येक आईबापाला आपलं लेकरू थेट वर्गात सोडायचं असतं, जमल्यास गाडीसकट. केंजळ्यांनी स्कूटर तिथंच आडवी टाकली.

"ओ काका! डोळे फुटले का?"

"होय!" म्हणत ते पळत सुटले.

सत्तावन्नाव्या वर्षी माणूस पळतो म्हणजे काय, तर चालताना जे दुखतं ते सगळं एकदम दुखतं. खिशातला फोन वाजत होता. त्यांनी पळता पळता कानाला लावला.

"साहेब, शिरली बोळात!"

शाळेपुढे प्रवेशोत्सव चालला होता. हलगी कडाडत होती, लेझीम चालली होती, ध्वनिक्षेपकावर बाई नव्या पोरांचं गुलाबाने स्वागत करत होत्या. टाकीची भिंत रस्त्याच्या पलीकडल्या अंगाला. भिंतीमागे चार पोरी, दप्तरं खाली ठेवलेली, म्हणजे खेळ मनावर घेतलेला. सर्वांत पुढे शर्वरी. एक पाय पुढे, खांदा झुकलेला. आत्याने बघितलं असतं तर म्हणाली असती, दोन सेकंद.

"शरू! शरूऽ!"

हलगीने ती हाक गिळली. शर्वरीने मान फिरवली ती बोळाकडे. बोळातून पांढरी गाडी येत होती, अंगावर हसऱ्या गोदाक्का, नाकावर कुंकू. काचेआड सुलभाची मान खाली. बोट पाटीवर.

केंजळ्यांकडे काहीच नव्हतं. शिट्टी नाही, लाल झेंडा नाही, दम नाही. त्यांनी हात खिशात घातला आणि हाताला चेंडू लागला.

नऊ वर्षं त्यांनी तो शेडमध्ये फेकला होता, हसतखेळत, चहासाठी. या वेळी त्यांनी तो असा फेकला की खांद्यातून काहीतरी करकरलं. चेंडू रस्त्यावर एकदा आपटला, उडाला आणि गाडीच्या काचेवरून लाल रेघेसारखा आडवा गेला.

सुलभाने तो बघितला की नाही, हे तिला स्वतःलाही पुढं कधी सांगता आलं नाही. पाटीवरची नजर उचलायच्या आत तिचा उजवा पाय दाणकन खाली गेला होता.

आणि चेंडूमागे मूल असतं. या चेंडूमागे एक सत्तावन्न वर्षांचा गृहस्थ होता. केंजळे रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात पसरून. टायर किंचाळले. गाडी सरकत सरकत आली, आली, आणि तिचं नाक त्यांच्या पोटाला हलकेच टेकलं. एखादं वासरू टेकवतं तसं. मग थांबली.

केंजळे उभे होते. जिवंत होते. कुठेही दुखत नव्हतं, खांदा सोडून.

भिंतीपाशी टाळ्या पडल्या.

"आबा जिंकले! आबांनी टेकवली!" शर्वरी उड्या मारत होती. मग ती मैत्रिणींकडे वळली आणि एखाद्या शिक्षिकेच्या सुरात म्हणाली, "बघितलं? म्हणलं होतं ना. मसाल्याची गाडी लागतच नाही."

केंजळ्यांना वाटलं होतं की गाडी थांबली म्हणजे संपलं. त्यांनी त्या चार तोंडांकडे बघितलं. आनंदाने फुललेली, पूर्ण खात्री पटलेली चार तोंडं. आत्ता हे कुंकू पुसलं, तर आत्या पुन्हा बघेल. उद्यापर्यंत. परवापर्यंत. मग कधीतरी पाऊस, चिखल, मेण, एखादी सही. आणि या पोरी तेव्हाही भिंतीमागून पळणार, कारण त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, आबांनासुद्धा लागली नाही.

त्यांनी खाली बघितलं. पांढऱ्या शर्टावर, पोटाच्या जरा वर, गाडीच्या नाकावरचं कुंकू उमटलं होतं. चांगलं तळहाताएवढं पसरलेलं, लालभडक.

केंजळ्यांनी एकदा नातीकडे बघितलं. ती हसून हात हलवत होती.

मग ते पडले. गुडघ्यांवर, कुशीवर, नंतर सपशेल पाठीवर. एक पाय त्यांनी जरा वाकडा ठेवला.

हलगी थांबली. सुलभा दार उघडून धडपडत खाली आली. "साहेब! साहेब! अवो, पण मी तर दाबला होता ब्रेक, टेकलीसुद्धा नाही नीट..."

"सुलभा," केंजळे ओठ न हलवता म्हणाले, "मला लागलंय."

"कुठं लागलंय? हे तर कुंकू..."

"लागलंय म्हणतो ना. ओरड."

"काय?"

"पोरी बघतायत. ओरड, नाहीतर उद्या त्यांना खरंच लागेल."

सुलभाने मान वर करून भिंतीकडे बघितलं. तिच्या ध्यानात आलं. ते तिच्या चेहऱ्यावर येताना केंजळ्यांना पापण्यांच्या फटीतून दिसलं, आणि मग दुसरंही काहीतरी आलं.

"माझं लायसन जाईल साहेब. घरात मिळवती मी एकटी."

"मी बघतो." कसं, हे त्यांना माहीत नव्हतं.

सुलभाने एकदा गाडीकडे बघितलं. मग तिने छाती पिटून असा टाहो फोडला की केंजळे स्वतःच दचकले. पुढं पुढं तर तिचं रडणं खरं झालं. दोन वर्षं मान खाली घालून चालवलेल्या गाडीचं ते रडणं असावं.

माणसं जमायला लागली. कुणी पाणी आणा म्हणत होतं, कुणी उचलू नका म्हणत होतं. खिशात फोन पुन्हा वाजू लागला. इक्बाल असणार. मेलेल्या माणसाला फोन घेता येत नाही. केंजळ्यांनी वाजू दिला.

त्यांना ऐकायचा होता तो एकच आवाज. तो आला.

"आबा?"

आधी प्रश्न. मग, "आबा उठा ना. जिंकला तुम्ही. आबा!" मग नुसतीच किंकाळी, शब्द नसलेली. शरूचा असा आवाज त्यांनी तिच्या जन्मापासून ऐकला नव्हता. एक शब्द बोललं की ती किंकाळी थांबली असती. त्यांनी दात दातांवर घट्ट धरले. अजून नाही. अजून थोडं. केंजळ्यांनी आयुष्यात बरीच भाषणं केली होती, पण इतकं लांबलेलं एकही नव्हतं.

"लागली," दुसरी एक पोर रडत म्हणाली. "गाडी लागली आबांना."

डोळे किलकिले करून केंजळ्यांनी माणसांच्या पायांमधून बघितलं. गर्दीच्या सगळ्या चपलांपलीकडे, टाकीच्या भिंतीपाशी, दोन नवे पॉलिश केलेले बूट होते. ते त्यांच्याकडे धावत सुटले, आणि रस्त्याच्या कडेला येऊन एकदम थांबले.

शर्वरी तिथं उभी राहिली. तोंड उघडं, गाल भिजलेले, सारं अंग आबांकडे ओढलेलं. आणि तशीच हुंदके देत तिने मान उजवीकडे फिरवली. मग डावीकडे. मग पुन्हा उजवीकडे.

मग ती पळत आली.